लोखंडी कडे आणि सुती दोरा : मायकेल फॅराडे यांचे चरित्र

सुरतेची जर मराठी घरांना परकी नाही. लग्नातल्या शालूच्या काठापासून पैठणीच्या पदरापर्यंत ती आपल्या घरी येते. ही जर तयार कशी होते, ते मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते. धातूची तार केसासारखी बारीक ओढतात, ती दाबून चापट करतात, आणि मग रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती फिरवून घट्ट बसवतात. धागा आत राहतो, धातू बाहेर चमकतो.

आता याच्या नेमके उलट करून पाहू. तांब्याची तार आत ठेवू आणि सूत बाहेर. ही उलटी जर दिसायला अगदी सामान्य. तिला कोणी पदराला लावणार नाही. परंतु अशीच सुताने वेगळी राखलेली तार एका लोखंडी कड्यावर गुंडाळून एका माणसाने जे पाहिले, त्यावर आज सुरतेचे यंत्रमाग चालतात, आपल्या घरातला दिवा लागतो आणि उपासनेतला ध्वनिवर्धक बोलतो. त्या माणसाचे नाव मायकेल फॅराडे. त्याच्या शोधांची माहिती शाळेच्या पुस्तकांत येते. तो हाताने काम करणारा कारागीर होता आणि एका लहानशा मंडळीचा आयुष्यभराचा सभासद होता, हे मात्र तेथे क्वचितच येते. म्हणून हे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. इंग्लंडच्या उत्तर भागातून पोटासाठी ते लंडनकडे आले होते. त्यांची प्रकृती नाजूक, त्यामुळे काम नेहमी होत नसे आणि घरात ओढाताण असे. धान्य फार महाग झाले त्या १८०१ साली नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. शिक्षण म्हणावे तर वाचन, लेखन आणि थोडेसे अंकगणित, एवढेच.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि १८०५ मध्ये त्याच्याकडेच पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. ही उमेदवारी सात वर्षांची होती. फर्मे शिवणे, खळ लावणे, पुठ्ठ्यावर कापड ताणून बसवणे, दोरा किती ओढला म्हणजे पान फाटत नाही आणि सैलही राहत नाही हे बोटांनी ओळखणे, यात त्याची सात वर्षे गेली. पण तो बांधलेली पुस्तके उघडूनही पाहत असे. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख त्याच्या हाती आला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक आले. वाचलेले खरे की खोटे, हे तो जमेल तेवढ्या पैशांत साहित्य आणून करून पाही. शहरात शास्त्रीय व्याख्याने होत; त्यांचे शुल्क दर वेळी एक शिलिंग. ते त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच होता.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने व्याख्याने टिपून घेतली, ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि आपल्या हाताने बांधून ते पुस्तक डेव्हींकडे पाठवले. नोकरीच्या अर्जाला याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते जोडणार? तरी जागा लगेच मिळाली नाही. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले, तेव्हा डेव्हींना या उमेदवाराची आठवण झाली. मार्च १८१३ मध्ये फॅराडे तेथे रुजू झाले. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर ते युरोपच्या प्रवासाला निघाले. मोठमोठे विद्वान पाहायला मिळाले, पण डेव्हींच्या पत्नीने त्यांना घरगड्यासारखे वागवले. ते सोसून, शिकण्यासारखे होते ते शिकून ते १८१५ मध्ये परतले. योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी हे मिशनरी सुरतेत आले. पुढे १८२०च्या सुमारास सुरतेच्या मिशन छापखान्यातून गुजराती नवा करार बाहेर पडला. तिकडे लंडनात पुस्तके बांधणारे हात विजेच्या तारा जोडू लागले होते आणि इकडे तापीच्या काठी पवित्र शास्त्राची पाने शिवली जात होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु काळ एकच, आणि काम करणाऱ्या बोटांची जातही एकच.

१८२१ हे वर्ष फॅराडे यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. जूनमध्ये सेरा बर्नार्ड हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती एका चांदीकाम करणाऱ्याची मुलगी आणि त्यांच्याच मंडळीतली. पुढच्याच महिन्यात त्यांनी मंडळीसमोर आपला विश्वास जाहीर केला आणि ते तिचे पूर्ण सभासद झाले. सप्टेंबरात त्यांनी विजेच्या प्रवाहाने तार लोहचुंबकाभोवती गोल फिरते हे दाखवले. विजेच्या मोटारीचे मूळ ते हेच. या यशाबरोबर मनस्तापही आला. दुसऱ्याची कल्पना त्यांनी उचलली असा बोभाटा झाला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. तरीही ते निवडून आले. डेव्हींविषयी त्यांनी पुढेही आदरानेच बोलावे, हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता.

आता त्या कड्याकडे येऊ.

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते हे १८२० मध्ये कळले होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न फॅराडे यांच्या मनात दहा वर्षे घोळत होता. १८३१ च्या पूर्वार्धात ते ध्वनीच्या कंपनांचा अभ्यास करीत होते. कंप पावणाऱ्या पत्र्यावर टाकलेली भुकटी कशी आपोआप आकृत्या करते, हे ते पाहत होते. ते काम संपले आणि त्यांनी एक लोखंडी कडे करवून घेतले. मऊ लोखंडाची गोल कांब वाकवून तिची टोके सांधली होती. कड्याचा बाहेरचा व्यास सहा इंच आणि कांबेची जाडी पाऊण इंचाहून थोडी अधिक, सात अष्टमांश इंच.

त्यावर तार गुंडाळायची होती. आज बाजारात रोगणाचा मुलामा दिलेली तार रिळावर मिळते. त्या वेळी अशी तार नव्हती. उघडी तांब्याची तार शेजारी शेजारी गुंडाळली तर वेढे एकमेकांना टेकतात आणि वीज वेटोळ्यातून न फिरता आडवाटेने जाते. म्हणून फॅराडे यांनी दोन वेढ्यांच्या मध्ये सुती दोरा फिरवला, आणि एक थर पुरा झाला की त्यावर कॅलिकोचे, म्हणजे साध्या सुती कापडाचे वेष्टन घातले. मग पुढचा थर, पुन्हा दोरा, पुन्हा कापड. कड्याच्या एका बाजूला प्रत्येकी चोवीस फुटांच्या तीन तारा आणि दुसऱ्या बाजूला दोन तुकड्यांत मिळून सुमारे साठ फूट तार त्यांनी बसवली. दोन्ही बाजूंच्या मध्ये कडे उघडे ठेवले. दोरा, कापड, ताण आणि सबुरी, हे सारे पुस्तकबांधणीच्या दुकानातले भांडवल होते. कॅलिको हे नाव आपल्या कालिकतवरून पडले. सुरतेच्या बंदरातून असे सुती कापड शेदोनशे वर्षे इंग्लंडला जात होते, हेही येथे आठवण्यासारखे आहे.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी दुसऱ्या बाजूच्या वेटोळ्याची टोके एका लांब तारेने जोडली आणि ती तार कड्यापासून तीन फुटांवर ठेवलेल्या होकायंत्राच्या सुईवरून नेली. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सुई हलली, थरथरली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबली. बॅटरी जोडलेलीच होती, प्रवाह वाहत होता, पण सुई स्वस्थ. बॅटरी काढली, तेव्हा सुई पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने.

प्रवाह वाहतो आहे तोपर्यंत सुईही वळलेली राहावी, अशी सर्वांचीच अपेक्षा होती. याच अपेक्षेने पुष्कळांनी पूर्वी प्रयोग केले असतील आणि ते क्षणभराचे हलणे नजरेतून निसटले असेल. फॅराडे यांनी ते नजरेतून सुटू दिले नाही. पुढे १७ ऑक्टोबरला त्यांनी वेटोळ्यात नुसता लोहचुंबक आत-बाहेर केला आणि वीज मिळवली. २४ नोव्हेंबरला त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. अमेरिकेत ऑल्बनी येथे शिकवणारे जोझेफ हेन्री हेही स्वतंत्रपणे याच शोधापर्यंत आले होते. नियम असा निघाला : एका वेटोळ्यातला स्थिर प्रवाह शेजारच्या वेटोळ्याला काही देत नाही, जे बदलते तेवढेच पलीकडे पोचते. दोन तारा एकमेकींना कोठेही जोडलेल्या नसतात. मधल्या लोखंडातले चुंबकत्व वाढते, घटते आणि पलीकडच्या तारेत वीज जागी होते.

रस्त्याच्या कडेला खांबांवर दिसणारे रोहित्र म्हणजे हेच कडे मोठे केलेले. उलटसुलट वाहणारी वीज सतत बदलत असते, म्हणून पलीकडे ती सतत मिळते. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या तीन अभियंत्यांनी अशी कामास येणारी रोहित्रे तयार केली. पण आम्हांला विशेष वाटते ते ध्वनीचे. आवाज म्हणजे कंपन, म्हणजे अखंड बदल. त्यामुळे आवाजाची वीज या कड्यातून जणू तिच्यासाठीच वाट केली असावी तशी जाते. फॅराडे १८६७ मध्ये वारले. त्यानंतर नऊ वर्षांनी टेलिफोन आला आणि लवकरच त्यात अशी दोन वेटोळी बसली.

आजही एखादा हौशी तरुण सुरतेतल्या आपल्या घरी या तत्त्वावर एक उपयोगी वस्तू करू शकतो. वाजवणारे यंत्र आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये प्री-अँप्लिफायर असतो. सीडी प्लेअरमधून सुमारे दोन व्होल्टपर्यंत संकेत येतो, आणि पुष्कळ अँप्लिफायरना पुरा आवाज देण्यास याहून कमी पुरतो. म्हणजे संकेत वाढवण्याची गरजच नसते, तो आवश्यक तेवढा कमी करायचा असतो. नेहमीच्या कळीत हे काम रोधक करतो; तो नको असलेला भाग उष्णतेत घालवतो. रोहित्राची रीत वेगळी. दुसऱ्या वेटोळ्याचे वेढे पहिल्याच्या निम्मे घेतले, तर व्होल्ट निम्मे होतात. पण त्याच वेळी पुढच्या यंत्राला जाणवणारा उगमाचा रोध एक चतुर्थांश होतो. दाब सोडला, त्याच्या मोबदल्यात प्रवाह देण्याची ताकद आली.

अशा पेटीत डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक रोहित्र लागते. गाभा निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा असावा, कारण संकेत अगदी दुबळा असतो. दुसऱ्या वेटोळ्याला ठरावीक वेढ्यांवर फाटे काढतात आणि प्रत्येक फाटा फिरत्या स्विचच्या एकेका टोकाला डाखाने जोडतात. स्विचच्या मधल्या टोकापासून तार बाहेरच्या सॉकेटकडे जाते, आणि वेटोळ्याचे शेवटचे टोक त्याच सॉकेटच्या जमिनीच्या बाजूला. एकाच दांड्यावर दोन मजल्यांचा स्विच घेतला, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर फिरतात. दोन रोहित्रे एकमेकांशी काटकोनात आणि थोड्या अंतरावर बसवतात, नाही तर एकातले दुसऱ्यात ऐकू येते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या जमिनीच्या तारा एकमेकींना जोडल्या नाहीत, तर यंत्रांच्या जोडणीतून होणारी घूं-घूं पुष्कळदा थांबते. एकाच दिशेचा स्थिर प्रवाह मात्र आत येऊ देऊ नये. त्याने गाभा आधीच चुंबकाने भरून जातो आणि आवाज बिघडतो. या पेटीला घरातल्या विजेची जोडणी लागत नाही. आत दिवा नाही, ट्रान्झिस्टर नाही. लोखंड, तांबे आणि वेष्टन, एवढेच. फॅराडे यांनी ती उघडून पाहिली असती, तर आतली कोणतीही गोष्ट त्यांना परकी वाटली नसती.

आता त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. फॅराडे ज्या मंडळीचे होते, तिला सँडिमेनियन म्हणत. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास यांच्या शिकवणीतून ती निघाली आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडिमन यांचे नाव तिला मिळाले. सभासद थोडे, त्यांत कारागीर पुष्कळ. पगारी पाळक नाही; सभासदांतूनच वडील निवडले जात. दर प्रभुवारी प्रभुभोजन, आणि दोन उपासनांच्या मध्ये सर्वांनी एकत्र बसून प्रीतिभोजन घ्यायचे. द्रव्याचा साठा करणे शास्त्राविरुद्ध आहे अशी त्यांची समजूत असे. जगातल्या विद्वानांच्या सभेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाई, ते फॅराडे रविवारी याच साध्या बाकांवर बसत, गरीब आणि आजारी सभासदांच्या घरी जात. १८४० मध्ये मंडळीने त्यांना वडील निवडले.

चार वर्षांनी, मार्च १८४४ च्या अखेरीस, त्याच मंडळीने त्यांना वगळले. राणीकडे रविवारी भोजनास गेल्यामुळे त्यांची उपासना चुकली आणि म्हणून ही शिक्षा झाली, असे पुष्कळ जुन्या चरित्रांत आढळते. अलीकडच्या संशोधकांना या गोष्टीला आधार सापडलेला नाही. त्या वेळी मंडळीत शिस्तीवरून मतभेद झाला होता आणि फॅराडे यांच्याबरोबर इतरही अनेक सभासद वगळले गेले, असे दिसते. कारण काहीही असो, प्रसंग कठीण होता. त्यांचे वय बावन्न होते. कीर्ती शिखरावर होती. प्रकृती मात्र ढासळलेली. काही वर्षांपासून डोके जड होई आणि स्मरणशक्ती दगा देई. दुसऱ्या कोणत्याही मंडळीने त्यांचे आनंदाने स्वागत केले असते. रागावून निघून जायला, चार ओळी लिहून आपली बाजू जगापुढे मांडायला त्यांना कोणी अडवले नसते.

ते गेले नाहीत. त्यांनी खेद व्यक्त केला आणि वाट पाहिली. सुमारे पाच आठवड्यांनी मंडळीने त्यांना परत घेतले, परंतु वडिलांचे पद दिले नाही. पुन्हा वडील म्हणून त्यांची निवड होण्यास १८६० साल उजाडले. मधली सोळा वर्षे ते साधे सभासद म्हणून येत-जात राहिले. मंडळीचा निर्णय योग्य होता की नव्हता, हे ठरवणे आमचे काम नाही. आम्हांला दिसते ते एवढेच, की आपल्या नावाचे वजन या माणसाने मंडळीच्या तराजूत टाकले नाही. आपल्याकडे पंचायतीत एक मत पडले नाही म्हणून घराणीच्या घराणी उपासनेला येणे सोडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सोळा वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

ही लीनता केवळ मंडळीपुरती नव्हती. पैसे घेऊन व्यापाऱ्यांसाठी रासायनिक तपासण्या करण्याचे काम त्यांना चांगले उत्पन्न देत होते. कड्याच्या शोधाच्या सुमारास ते त्यांनी कमी केले आणि वेळ संशोधनाला दिला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता त्यांनी नाकारले. दीपगृहांच्या व्यवस्थेत मात्र त्यांनी वर्षानुवर्षे सल्लागाराचे काम केले, कारण त्यात खलाशांचे प्राण होते.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला फॅराडे यांनी दिल्या. शेवटची, १८६०-६१ ची, एका साध्या मेणबत्तीवर होती. बोलणे त्यांना जन्मजात येत नव्हते. त्यासाठी त्यांनी शिक्षक ठेवून वक्तृत्वाचे धडे घेतले होते. मुलांपुढे ते आधी वस्तू ठेवीत, प्रयोग करीत आणि मग बोलत. आपल्या शोधांचे दाखले देऊन शास्त्रवचने सिद्ध करण्याच्या भरीला ते पडले नाहीत. सृष्टी आणि शास्त्र दोन्ही एकाच हातची आहेत अशी त्यांची श्रद्धा होती, पण एकीकडची गाठ दुसरीकडे ओढून बांधण्याची त्यांना गरज वाटली नाही. आपण मात्र वीज दिसत नाही आणि देवही दिसत नाही, असा दृष्टान्त घाईने देऊन मोकळे होतो. मूल पुढच्या वर्षी शाळेत विजेचा प्रवाह मोजायला शिकते आणि आपला दृष्टान्त लंगडा पडतो.

त्यापेक्षा वर्गात हे करून पाहावे. मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे तीनशे वेढे पुठ्ठ्याच्या नळीवर मुलांकडूनच घालून घ्यावेत. तारेचे पन्नासेक वेढे एका लहान होकायंत्राभोवती घ्यावेत, दोन्ही वेटोळ्यांची टोके मुलामा खरवडून जोडावीत आणि होकायंत्र हातभर दूर ठेवावे. मग चांगला जोरदार लोहचुंबक नळीत झपकन घालावा आणि काढावा. सुई हलेल. चुंबक आत स्थिर ठेवला, तर ती थांबेल. घरातल्या विजेला यातले काहीही जोडू नये. वेढे मोजताना चुकले की उलगडून पुन्हा घालावे लागतात; मुलांना तो कंटाळाही येऊ द्यावा.

फॅराडे यांनी १८६४ मध्ये वडिलांच्या पदाचा राजीनामा दिला. मूलबाळ नव्हते. राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात, पत्नीच्या सोबतीने त्यांचे अखेरचे दिवस गेले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते वारले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची कबर आहे. दगडावर नाव आणि जन्ममृत्यूचे दिवस आहेत, पदव्या नाहीत. ते लोखंडी कडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवले आहे. त्यावरची तार, सुती दोरा आणि कापड अद्याप दिसतात, आणि ते कोणा कारागिराच्या हातचे काम आहे, हे पाहताच कळते.